मुंबई ते मस्कत, पावणेतीन तास

चौक, ता. खालापूर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. संतोष,

तू पोचल्याचा फोन सोमवारीच आला, तरी हे पत्र लिहितोय. पहिल्या वर्षी तू कंपनीच्या पोस्टातल्या पेटीचा नंबर लिहून दिला होतास, त्याच पत्त्यावर घालणार आहे. काल तिकिटं आणायला पोस्टात गेलो तर तिथल्या बाई हसल्या. म्हणाल्या, "काका, मस्कतला पत्र? व्हिडिओ कॉल करा की." मी म्हटलं, कॉलवर शिक्का नसतो. तूही उत्तर पत्रानंच पाठव. पाकिटावर तिथला शिक्का नीट उमटलाय ना, तेवढं बघून टाक.

गणपतीत तू बारा दिवस घरी होतास. तुझ्या आईला बरं वाटलं, नम्रतालाही. मलाही वाटलं. पण तू आलास त्या दिवशीची एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ओट्यावर बॅग टेकवून तू म्हणालास, "पाच तास विमानात बसून अंग आंबलं." नंतर नम्रताला मोबाइलवर बघायला लावलं. मुंबई ते मस्कत सरळ अंतर साधारण पंधराशे सत्तर किलोमीटर. विमानाला पावणेतीन तास, फार तर तीन. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. म्हणजे घड्याळ न फिरवता नुसते आकडे वजा केलेस तरी साडेचार होतात. पाच होत नाहीत.

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिल्यांदा गेलास तेव्हा उतरल्या उतरल्या तूच सांगितलं होतंस, "बाबा, चौकातून विमानतळावर जायला लागला त्याहून थोडाच जास्त वेळ विमानाला लागला." मग या खेपेला विमान वाटेत कुठं थांबलं?

दुसरं असं, की तुझ्या बॅगेला विमानतळावरची कागदी पट्टी नव्हती. नढाळचा एक जण दुबईहून आला तर ती पट्टी दोन महिने मिरवत होता. तिसरं, खजुराच्या डब्याखाली किमतीची चिठ्ठी अर्धी खरवडलेली होती. उरलेल्या अर्ध्यात रुपयांची खूण होती.

राग मानू नकोस. रसायनीच्या कारखान्यात एकतीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. कार्डावरची वेळ आणि माणसाच्या तोंडची वेळ जुळली नाही की मला घास उतरत नाही. खुलासा कर म्हणजे झालं.

तुझी आई म्हणते, पोरगं दमून आलं असेल, चुकून बोललं असेल. असेलही.

वाट बघतो.
तुझे बाबा


चौक
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

चि. संतोष,

पत्राचं उत्तर नाही. फोनवर विचारलं तर म्हणालास, "बाबा, इथलं पोस्ट लय स्लो हाय." बरं.

परवा संध्याकाळी तुझा फोन चालू असताना आपल्याकडं ढग गडगडले. परतीचा पाऊस, जाता जाता दम देऊन गेला. त्याच वेळी तुझ्या बाजूलाही गडगडलं. मी विचारलं, आवाज कसला? तू म्हणालास, जेसीबी. मग आपल्याकडची लाइट गेली, आणि दहा-बारा सेकंदांत तू म्हणालास, "ठेवतो बाबा, इथं लाइट गेली." मस्कतमध्ये जेसीबी असतील, लाइटही जात असेल. पण पंधराशे सत्तर किलोमीटरवर एकाच मिनिटाला?

शिवाय तू म्हणतोस रविवारी सुट्टी असते. नढाळवाला सांगतो, तिकडं सुट्टी शुक्रवारी.

मी हे आईजवळ बोललो तर तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि म्हणाली, "याच खोडीनं विठू भावजी गेलं. आता पोराच्या मागं लागलाव." तू तेव्हा चार वर्षांचा होतास, तुला कोणी नीट सांगितलं नसेल म्हणून मीच सांगतो. तुझा विठूकाका माझ्याच कारखान्यात ऑपरेटर होता. एके दिवशी पाळी सुटायच्या दोन तास आधी तो गुपचूप गेला आणि त्याचं कार्ड मित्रानं पंच केलं. मी ते पकडलं. सख्खा भाऊ म्हणून सोडलं असतं तर उद्या बाकीच्यांना काय तोंड दाखवलं असतं? मी रिपोर्ट दिला. त्याची नोकरी गेली. तो कर्जतला निघून गेला, सत्तावीस वर्षं आमचं बोलणं नाही. त्या दिवशी त्याची बायको सोना दवाखान्यात होती, तिला दिवस गेलेले होते आणि ते मूल राहिलं नाही, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, हे तुझी आई मला अजून विचारते.

घरचं ठीक. नम्रतानं कर्जतला शिवणक्लास लावलाय. दर रविवारी सकाळी मिनीडोर रिक्षानं जाते, दिवेलागणीला येते. रविवारी कसला क्लास असतो, असं मी विचारलं. आई म्हणाली, नोकरी करणाऱ्या बायांसाठी असतो. नम्रता नोकरी कुठं करते?

उत्तर पत्रानं पाठव.
बाबा


चौक
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. संतोष,

दिवाळीला तुला रजा मिळाली नाही. पाडव्याला नम्रता दोन दिवस कर्जतला "मैत्रिणीकडं" गेली. तुझ्या आईनंच पाठवली. सणाचं सून घराबाहेर? मी बोललो तर दोघींनी एकमेकींकडं बघितलं. आपल्याच घरात मी बाहेरचा माणूस असल्यासारखं वाटलं.

अडीच महिने क्लासला जाते, पण अजून एक पिशवी शिवलेली मी पाहिली नाही. मशीनवरचं कापड तेच आहे, निळं, तिथंच घडी घातलेलं.

गेले आठ-दहा दिवस तिला अन्नाचा वास सहन होत नाही. सकाळी मोरीत बसून असते. आई म्हणते अपचन.

मला पुढं लिहायचं होतं. एक कागद लिहून फाडला. तुझ्यापासून इतक्या लांब हे असलं लिहू नये असं वाटतं. तू फक्त एवढंच कळव, सप्टेंबरच्या सात तारखेला इथून गेल्यावर तू मधे कधी आला होतास का? हो किंवा नाही.

बाबा


चौक
सोमवार, १२ जानेवारी २०२६

संतोष,

या पत्रावर कुठला पत्ता घालायचा ते मला माहीत नाही. सप्टेंबरात पाठवलेलं पाकीट शनिवारी परत आलं. फाडलेलं नाही, जसंच्या तसं. त्यावर मस्कतचा शिक्का आहे आणि इंग्रजीत लिहिलंय, घेणारा नाही. मला शिक्का हवा होता ना, मिळाला.

म्हणजे तू त्या कंपनीत नाहीस. मग तू आहेस कुठं? कुठल्या भानगडीत आहेस? आईला पाकीट दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "पेटी बदलली आसंल." मग ते पदराखाली घेऊन आत गेली. तिलाही काळजी वाटली असेल, असं मला वाटलं.

आता दुसरं. तुझ्या बायकोचं लिहितो, कारण लपवून काही होणार नाही. त्याच शनिवारी ती कर्जतला दवाखान्यात गेली होती. आईसोबत. आल्यावर कागद फडताळात ठेवला. मी काढून वाचला. होय, वाचला. त्यावर लिहिलंय, चौदा आठवडे.

डॉक्टर लोक पाळीच्या तारखेपासून मोजतात, हेसुद्धा मी आरोग्य केंद्रातल्या आशाताईला विचारून घेतलं. या वयात असलं विचारताना माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग कॅलेंडर काढलं. चौदा आठवडे मागं गेलं की ऑक्टोबरचा पहिला आठवडा येतो. त्यात दोन आठवडे मिळव. दिवाळी. तू घरातून गेलास सात सप्टेंबरला. पुढून मोज, मागून मोज, मधे सहा आठवडे पडतातच. सहा आठवडे म्हणजे काही विमान उशिरा आलं असं नव्हे.

मी तिला अजून एक शब्द बोललो नाही. ती मला चहा आणून देते, मी घेतो. काल म्हणाली, "बाबा, तुमी हल्ली जेवत नाय." मी पान सरकवून उठलो.

येत्या रविवारी ती जाईल. तिच्या मागून मी जाणार आहे. तो कोण आहे ते डोळ्यांनी बघणार आहे. तू जिथं असशील तिथं, तुझ्या नावाला बट्टा लागू देणार नाही.

बाबा


चौक
सोमवार, १९ जानेवारी २०२६

संतोष,

पाकिटावर विठूच्या घरचा पत्ता आज मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. चौक ते कर्जत सतरा किलोमीटर. मिनीडोरला पाऊण तास लागतो, मधे माणसं घेत घेत जाते म्हणून.

काल तू दाराच्या आतून काय पाहिलंस ते तुला ठाऊक. मी बाहेरून काय पाहिलं ते लिहितो. तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा वकिली करीन.

ती पुढच्या मिनीडोरमध्ये बसली. मी मागच्या. डोक्याला मफलर गुंडाळला होता. कर्जतला उतरून ती भाजीवाल्यांच्या रांगेतून गेली. वालाच्या शेंगा घेतल्या, मासळी बाजारात शिरली, करंदी घेतली. करंदी तुला आवडते. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट वाटलं, माझ्या पोराच्या आवडीचं ही दुसऱ्याला खाऊ घालते! पिशवी घेऊन अशी चालली होती, जशी माणसं स्वतःच्या घरी जातात. नदीकडच्या आळीत पत्र्याच्या छपराच्या एका घरात शिरली. दाराची कडी वाजवली नाही. सरळ आत गेली.

बाहेर दोरीवर पुरुषाचे दोन शर्ट आणि एक पँट वाळत होती. मी नळापाशी उभा राहिलो. आतून तिचं हसणं ऐकू आलं. आपल्या घरात ती तशी हसत नाही, हे मला तिथं उभं राहून कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

मग मी दार वाजवलं. वाजवलं म्हणजे काय, बुक्क्या मारल्या. काय ओरडलो ते तू ऐकलंस. आळीनं ऐकलं. "कोण हाय आत? काढ बाहेर त्याला! कोणाचं पाप घेऊन माझ्या घरात फिरतीस?" नळावरच्या बायांनी हंडे तसेच सोडले.

दार उघडलं ते विठूनं. त्याचे केस पांढरे झालेत, हे मला माहीत नव्हतं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "दादा, आत ये. रस्त्यात बोलू नको."

सत्तावीस वर्षांनी तो मला पहिल्यांदा बोलला ते एवढंच.

आणि त्याच्या मागून तू आलास. बनियनवर, हातात पक्कड, कुठल्याशा फ्रिजचा पाठीमागचा भाग उघडून बसलेला. मी तुझ्याकडं बघून पहिला प्रश्न काय विचारला, आठवतं? "तू कधी उतरलास?" मला तेव्हाही वाटत होतं, की तू आत्ताच विमानातून आलायस.

"जूनमधी, बाबा," तू म्हणालास. "गेल्या जूनमधी. तवापासून हितंच हाय."

पुढचं तू सांगितलंस ते मी ऐकत होतो, पण निम्मं आत गेलं नाही. कंपनी बंद पडली, तीन महिने पगार नाही, खोलीत चौदा जण, मग पासपोर्ट हातात दिला आणि तिकीट. गणपतीत तू इथूनच आलास, मिनीडोरनं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तुझ्याऐवजी विठू बोलला, "तो माझ्याकडं आला तवा मी त्याला 'का आलास' असं इचारलं नाय. तू इचारलं असतंस."

खरं आहे. तुला चौकात फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं तेव्हा मी म्हणालो होतो, हायवेला गॅरेजवाल्यांची काय कमी आहे, त्यात तू एक. तुला मीच रेटून पाठवलं. तू काकासोबत फार्महाउसवरचे एसी दुरुस्त करतोस, हे मला माझ्या तोंडानं कोणाला सांगता आलं नसतं. मला जे सांगता येत नाही ते तू मला कसं सांगणार होतास?

पण मला झोपू देत नाही ते हे नाही. नम्रता चुलीपाशी उभी होती. करंदीची पिशवी अजून हातातच. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, कोणाचं नाव घेणार व्हते तुमी? एक तरी नाव व्हतं का मनात?"

नव्हतं रे. एकही नाव नव्हतं. नुसते आठवडे होते.

मी उठून एकटाच निघालो, नम्रता तिथंच राहिली. विठू स्टँडपर्यंत आला. मिनीडोर सुटेपर्यंत उभा होता.

बाबा


चौक
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. संतोष,

परवा आईची औषधं घेऊन आलास आणि अंगणातच उभा राहिलास. आत ये म्हणायला माझी जीभ उचलेना. तरी तू पाच मिनिटं थांबलास, म्हणून एक प्रश्न विचारता आला. जूनमध्ये तू परत आलास ते विमान किती वेळाचं होतं?

तू आधी चमकलास. म्हणालास, "पावणेतीन तासांचंच. पण उडायच्या आधी दोन तास जमिनीवरच उभं व्हतं. आत एसी बंद. सगळे कामावरनं काढलेले. एक म्हातारा रडत व्हता, त्याला मी पाणी दिलं. पाच तास झाले सगळे मिळून." आणि मग म्हणालास, "गणपतीत तुमी कसा आलास इचारलं, तवा माझ्या तोंडून तेच निघालं. तेवढं एकच खरं बोललो व्हतो मी."

त्या दिवसापासून हे माझ्या मागं लागलंय. तुझ्या सगळ्या खोट्यातलं जे एक खरं होतं, त्याच्यावर मी बोट ठेवलं. आणि त्या पाच तासांत तुझं काय झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी अंतर बघत बसलो.

तुझ्या आईला मी सरळ विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती निवडत होती तांदूळ. वर न बघता म्हणाली, "गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंच सांगितलं." मी म्हटलं, पाच महिने माझ्याशी खोटं बोललीस? मला एवढी घाबरतेस?

"भ्या कशाचं?" ती म्हणाली. "तुमी तपासत बसाल त्याचा कट्टाळा आलता. पोरगं सांगणार व्हतं. दिवाळीला सांगतो म्हनला. मग म्हनला संक्रांतीला सांगतो, गोड बातमी पन हाय, तिच्यासंगट सांगतो. तीळगूळ करून ठेवला व्हता मी. संक्रांतीला सकाळी तुमी फुगून बसला व्हता, तो म्हनला, आता रविवारी घरी येऊनच सांगतो." मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "आन तुमी त्याच रविवारी गेलाव."

आणखी एक झालं. नम्रताचे वडील, मोरूभाऊ, बुधवारी आले होते. त्यांच्या कानावर आळीतलं काहीतरी गेलं होतं. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "व्याही, पोरगी कर्जतला का ऱ्हायलीया? तिचं काय चुकलं का?" आईनं काहीतरी सांगायला सुरुवात केली. दवाखाना जवळ पडतो वगैरे. मी तिला थांबवलं. मी म्हटलं, मोरूभाऊ, तिचं काही चुकलं नाही. मी तिच्यावर घाण आळ घेतला. भर रस्त्यात घेतला. तो खोटा होता.

त्यांनी चहा उचलला होता तो खाली ठेवला. अंगणातल्या आंब्याकडं बघितलं. मग म्हणाले, "माझी पोर लहानपणी कैरी चोरून खायची तरी येऊन सांगायची." आणि उठून गेले. चहा तसाच राहिला. मी तो ओतून टाकला नाही, संध्याकाळपर्यंत तिथंच होता, मग आईनं उचलला.

हे सगळं नम्रताला वाचून दाखवू नकोस. तिला मी वेगळं लिहीन, लिहिता आलं तर.

तुझे बाबा


चौक
सोमवार, २० एप्रिल २०२६

चि. सौ. नम्रतास,

अडीच महिने हे पत्र लिहितोय. चार वेळा सुरुवात केली. प्रत्येक वेळी मी कसा चुकलो याचं कारण सांगत सुटायचो आणि कारण पानभर झालं की कागद फाडायचो. आज कारण लिहीत नाही. मी तुला जे बोललो ते बोलायला नको होतं. तुझ्याविषयी तसं मनात आणायला नको होतं. तू माझ्या घरात तीन वर्षं वावरलीस, ती सगळी मी विसरलो आणि एक कागद खरा धरला. तुझी माफी मागतो. माफ कर असं म्हणत नाही. ते तुझ्या हातात आहे.

काल डोहाळजेवणाला मला बोलावलं ते तू की संतोषनं, मला ठाऊक नाही. आई म्हणाली, "चला, दारात उभं राह्यलं तरी चालंल." मी तेवढ्याच तयारीनं आलो होतो. आत बायांची गर्दी होती, गाणी चालली होती, तुझ्या अंगावर हिरवी साडी आणि फुलांचे दागिने, हे मी खिडकीतून ओझरतं पाहिलं. विठूनं बाहेर मांडवात माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. आम्ही दोघं शेजारी बसलो.

मग मीच म्हटलं, "विठू, सोना त्या दिवशी दवाखान्यात होती, हे मला माहीत नव्हतं."

तो म्हणाला, "तू इचारलं नव्हतंस."

"नाही विचारलं."

"ती तुला शिव्या द्यायची नाय कधी," तो म्हणाला. "मी द्यायचो. ती म्हनायची, भावजींना कोणी हटकलं असतं तर बरं झालं असतं." सोना जाऊन सहा वर्षं झाली. मी तिच्या दहाव्याला गेलो नव्हतो. हे मी त्याला म्हणालो नाही, त्यालाही ते ठाऊक आहे. त्यानं तंबाखू मळली, अर्धी माझ्यापुढं केली. मी कधी खात नाही. काल घेतली. ठसका लागला तसा तो हसला, लहानपणी हसायचा तसा, खांदे हलवून.

मग तू बाहेर आलीस. हातात ताट. इतक्या बाया आत असताना ते ताट तू स्वतः आणशील असं मला वाटलं नव्हतं. उठायला गेलो तर म्हणालीस, "बसा, बाबा. जेवा." मी ताट मांडीवर घेतलं. तू तिथंच उभी राहिलीस, कमरेवर हात ठेवून. तुझे पाय सुजलेत. पाय वर घेऊन बसत जा.

तू म्हणालीस, "मी घरी येणार हाय. बाळ झाल्यावर का आधी, ते मी ठरवीन. पन 'कधी येणार' ते मला इचारू नका."

मी मान हलवली. तू आत गेलीस. ताटात करंदीची आमटी होती. मी सगळं जेवलो.

रात्री घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हनली? कधी येते?" मी म्हटलं, माहीत नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग दिवा मालवून झोपली.

तुझ्यासाठी नाचणीचं सत्त्व आणि आमसुलं आईसोबत पाठवतोय. तुझ्या वडिलांकडं मी काल संध्याकाळी येताना उतरलो होतो. बोलले नाहीत फारसे, पण पाणी दिलं. तेवढं तुला सांगायचं होतं.

निघताना विठू म्हणाला, भिसेगावच्या एका बंगल्यावर एसीचं बाहेरचं यंत्र दुसऱ्या मजल्यावर चढवायचं आहे. वर संतोष चढणार. खाली शिडी धरायला भरवशाचा माणूस पाहिजे, येशील का? बुधवारी सकाळच्या मिनीडोरनं निघतोय. तू संतोषला सांग, मी आल्याशिवाय चढू नकोस म्हणावं.

बाबा